अप्पांना सांगू नको

"अप्पांना सांगू नको हां, अम्मा. आधी प्रॉमिस कर."

शाळेच्या ऑफिसातला फोन खांद्यानं कानाशी दाबून धरत श्रीदेवीनं प्रॉमिस केलं. समोर काउंटरवर पालक उभे होते. एका बाईला मुलाचा दाखला आत्ताच्या आत्ता हवा होता, तिच्या मागच्या गृहस्थांना प्रिन्सिपल का भेटत नाहीत याचं उत्तर हवं होतं, आणि तिकडे तिरुचीच्या हॉस्टेलातून तिचा एकुलता एक मुलगा नवीन सांगत होता, की याही सेमिस्टरला त्याचे पेपर राहिलेत. आधीचे राहिलेले धरून एकूण किती झाले, हे त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

"जेवतोस ना नीट?"

"अम्मा, मी काय सांगतोय आणि तू काय विचारतेस!"

"बरं, अभ्यास कर. दिवाळीला ये. अप्पांना नाही सांगत."

फोन ठेवला आणि तिचा हात आपसूक मानेवर, अंबाड्याच्या खाली गेला. तिथं रुपयाएवढी जागा गुळगुळीत झाली होती. सकाळी होती तेवढीच होती. एका फोननं ती काही वाढणार नव्हती, हे तिलाही कळत होतं. पण हात ऐकेल तर ना!

त्या घरात हा कायदा लागू झाल्याला दीड वर्ष झालं होतं. श्रीदेवीचा नवरा गिरिधर बँकेत ऑफिसर. भला माणूस, पण तापट. एके दिवशी बँकेतच छातीत कळ आली, लोकांनी उचलून हॉस्पिटलात नेलं, अँजिओप्लास्टी झाली आणि चार दिवसांनी डिस्चार्ज देताना मोठ्या डॉक्टरांनी श्रीदेवीला बाजूला घेऊन सांगितलं, "तेल कमी, मीठ कमी, रोज चालणं. आणि मुख्य म्हणजे, यांना टेन्शन अजिबात नको."

तेल कमी झालं. मीठ तर इतकं कमी झालं, की गिरिधरच्या आई, राजसबाई, आपल्या पानाशेजारी मिठाची वेगळी वाटी घेऊन बसू लागल्या. पण टेन्शन कसं कमी करायचं हो? ते काही दुकानातून कमी आणता येत नाही. ते पूर्वीइतकंच घरात येत राहिलं. फक्त गिरिधरपर्यंत पोचायच्या आधी कुणीतरी ते उचलून ठेवायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे कोण, हे त्या घरात कुणी ठरवलंसुद्धा नाही. अशी कामं ठरवावी लागत नाहीत. ज्या बाईला 'नाही' म्हणता येत नाही तिच्याकडे ती आपली चालत येतात.

राजसबाई बाथरूममध्ये घसरून पडल्या. कोपर काळंनिळं झालं. "गिरीला सांगू नको गे," त्या आपल्या तंजावरी मराठीत म्हणाल्या, "त्यास काळजी लागेल." मग श्रीदेवीच त्यांना रिक्षात घालून एक्सरेला घेऊन गेली आणि घरी येऊन दोघी देवळात गेलो होतो म्हणाल्या. बँकेतल्या नारायणस्वामींचा फोन आला, की गिरिधर सारांचं नाव नागरकोविलच्या बदलीच्या यादीत आहे, "बट प्लीज मॅडम, डोन्ट टेल हिम." श्रीदेवी अर्ध्या दिवसाची रजा काढून गिरिधरच्या वरिष्ठांच्या केबिनबाहेर जाऊन बसली, हातापाया पडली आणि बदली थांबवून आली. त्या वर्षी मद्रासेत पाण्याचे हाल कुत्रं खाईना. मेट्रो वॉटरची लॉरी आली की अण्णा नगरच्या चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसांची भांडी एकमेकांच्या डोक्यात पडायची बाकी राहायची. त्या रांगेतही तीच. गिरिधर तेव्हा टॉवर पार्कात चालायला गेलेला असायचा.

आणि खरं सांगायचं तर गिरिधर चांगला झाला. नुसता चांगला नाही, गुटगुटीत झाला. राग गेला, झोप लागू लागली, रंग उजळला. पार्कातले लोक म्हणायचे, "सार, तुम्ही हार्ट पेशंट वाटतच नाही." तो घरी येऊन ते कौतुकानं सांगायचा.

इकडे श्रीदेवीला पहाटे तीनला जाग येऊ लागली. उठली की जबडा दुखायचा. रात्रभर दात दातावर दाबलेले असायचे. मग पित्त झालं. मग उन्हाळ्यात एकदा न्हाल्यावर टॉवेलमध्ये केसांचा पुंजका आला, हातात धरता येईल एवढा. तिनं तो कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात तळाशी घातला.

हे केस साधे नव्हते. तिला बघायला तंजावरहून मंडळी आली होती तेव्हा तिचं शिक्षण विचारायच्या आधी राजसबाईंनी तिला पाठमोरं उभं केलं होतं आणि वेणी गुडघ्यामागे लोंबताना बघून बाकीच्यांना म्हणाल्या होत्या, "मुलगी मज पसंत. आता तुम्ही काय विचारायचं ते विचारा." तेव्हापासून दर दिवाळीला पहाटे त्या स्वतः सुनेच्या डोक्याला तेल लावत. घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईनं सगळ्यांना पाटावर बसवून तेल लावायचं आणि मग ऊन पाण्यानं न्हायचं, ही त्यांच्या घरची गंगास्नानाची रीत. इतरांचं तेल दोन मिनिटांत उरकायचं. श्रीदेवीच्या केसांना अर्धा तास लागायचा. राजसबाईंची बोटं वाकडी झाली, पण तो अर्धा तास त्यांनी कुणाला दिला नाही.

म्हणून तर दिवाळी जवळ आली तशी श्रीदेवी दिवस मोजू लागली. मानेवरची एक जागा अंबाड्यात लपत होती, पण आता कानामागे दुसरी झाली होती आणि टाळूच्या मागे तिसरी. त्यांच्यावर ती रोज मल्लीचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा माळायची, आधी एक पदर, मग दोन, मग तीन. "काय मॅडम, रोज लग्नाला निघाल्यासारख्या!" शाळेतले लोक चिडवायचे. ती हसायची.

चोरून ती स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली होती. त्यांनी टॉर्च मारून पाहिलं, रोगाचं नाव सांगितलं, त्या जागांवर इंजेक्शनं द्यावी लागतील म्हणाल्या, आणि मग सहज विचारलं, "घरात काही टेन्शन?"

"टेन्शन माझ्या मिस्टरांना होतं," श्रीदेवी म्हणाली. "आता नाही."

डॉक्टरीणबाईंनी टॉर्च बंद केला. "मी तुमच्याबद्दल विचारतेय," त्या म्हणाल्या. "नेमकं कशानं होतं ते आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मनावर फार ओझं असलं की असं होताना दिसतं. झोप येते का? जेवण जातं का? घरी कुणाशी बोलता?"

आता या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं! दिवसभर ती बोलतच तर असायची. इंजेक्शनांसाठी पुन्हा या म्हणून सांगितलं होतं, त्या दिवशी राजसबाईंना चक्कर आली. ते राहिलं ते राहिलंच.

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस शाळेतली कामाक्षी तिरुपतीला निघाली. तिच्या मुलीला आवडीच्या शाळेत नोकरी लागली होती, त्याचा नवस फेडायचा होता. "तुम्हीपण चला," ती तमिळमध्ये म्हणाली. "सकाळी बसनं जायचं, रात्री परत." श्रीदेवी निघाली. व्यंकटरमण त्यांचं कुलदैवत. दिवाळीपर्यंत एवढ्या जागा भरून दे बाबा, एवढंच मागायचं होतं तिला. देवासमोर माणूस काय वाट्टेल ते मागतो.

तिरुमलेच्या डोंगरावर बायका केसांत फुलं माळत नाहीत. तिथली सगळी फुलं देवाची. हे ठाऊक नाही असं मद्रासेत शेंबडं पोर सापडायचं नाही. श्रीदेवीला ठाऊक नव्हतं का? जन्मापासून ठाऊक होतं. पण गजरा तिच्या लेखी आता फूल राहिलाच नव्हता. तो कपड्यासारखा झाला होता, सकाळी उठून अंगावर चढवायचा. त्या पहाटेही तिनं तो चढवला आणि बसमध्ये बसली. वर पोचल्यावर एका म्हाताऱ्या बाईनं टोकलं, "अम्मा, पूवु!" आणि मागच्या चार बायका वळून बघू लागल्या. कामाक्षीनं मदत म्हणून पटकन मागून पिन काढली आणि गजरा ओढला.

"अय्यो, श्रीदेवी!"

कामाक्षीनं आपल्या पदरानं श्रीदेवीचं डोकं झाकलं आणि तिला एका खांबाच्या आडोशाला घेऊन गेली. तिथं श्रीदेवी रडली. हमसून हमसून, नाक गळेपर्यंत, आजूबाजूचे लोक बघतायत याची पर्वा न करता. दीड वर्षाचं रडणं होतं ते, त्याला वेळ लागलाच.

"घरी कुणाला माहीत आहे?" कामाक्षीनं विचारलं.

"कुणाला सांगू? ह्यांना टेन्शन चालत नाही."

"आणि दिवाळीला सासू तेल लावणार."

"हो."

कामाक्षी विचार करून म्हणाली, "मग मोट्टै कर. सगळेच केस दे देवाला. नवस होता म्हणून सांग. कोण विचारणार आहे?"

कामाक्षीच्या लोकांत बायका सर्रास डोकं भादरून घेतात. आज तीही घेणारच होती. श्रीदेवीच्या लोकांत सुवासिनीनं डोक्याला वस्तरा लावायचा नसतो. फार तर तीन बोटं रुंदीचं केसांचं टोक कापून देवाला द्यायचं. पूर्ण डोकं कुणाचं व्हायचं, ते बोलायचंसुद्धा नाही. श्रीदेवीला हे सगळं आठवलं, आणि तरी ती कामाक्षीच्या मागोमाग त्या मोठ्या दालनात जाऊन बसली. एका गोष्टीचा तरी निकाल लागेल, एवढंच तिच्या मनात होतं.

न्हाव्यानं गार पाणी ओतलं, "गोविंदा" म्हणाला आणि वस्तरा चालवू लागला. केस मांडीवर, जमिनीवर पडत राहिले. मध्येच त्याचा हात थबकला. "अम्मा, इथं काढायला काहीच नाही," तो शांतपणे म्हणाला आणि त्या जागेला वळसा घालून पुढं गेला.

आणि तिथंच तिची चूक झाली होती. सगळेच केस गेले की कुठले आधी गेले ते कळणार नाही, असं वाटलं होतं तिला. पण भादरलेल्या डोक्यावर खुंट निळसर दिसतात, आणि त्या जागा मात्र चकचकीत. आरशात बघताच तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. मग कामाक्षीनं तिच्या डोक्याला चंदन फासलं, जाड थर. चंदन सगळं सारखं करतं.

रात्री दार गिरिधरनं उघडलं. तो बघतच राहिला. त्याचा हात छातीकडे गेला, आणि श्रीदेवीच्या तोंडून शब्द सुटले, "नवस होता! तुमच्या हार्टसाठी. बोलले होते मी तेव्हा."

गिरिधरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "माझ्यासाठी?" तो म्हणाला. "एवढे केस?" दुसऱ्या दिवशी पार्कात सगळ्यांना कळलं, बँकेत कळलं, खालच्या मजल्यावरच्या बायका येऊन तिच्या पाया पडून गेल्या. श्रीदेवी पदर पुढं ओढून बसून राहायची. लाजली असं लोकांना वाटायचं.

राजसबाईंनी मात्र तोंड फिरवलं. "माझ्या आतेस बघितलंय मी असं, ती विधवा झाली तेव्हा," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "माझा लेक जिता आहे. कोणी सांगितलं तुज हे करायास?" पण नवस कुलदैवताला बोललेला. त्याला नावं कशी ठेवणार? त्या दिवसापासून त्यांनी सुनेशी बोलणं टाकलं. मीठसुद्धा नातवाच्या नावानं मागायच्या, आणि नातू तर तिरुचीत!

तोही दिवाळीला आला. आईला बघून त्याचा चेहरा पडला. तिनं त्याला स्वयंपाकघरात गाठून आधीच सांगितलं, "अप्पांसमोर पेपरचं काढायचं नाही." पोरानं मान हलवली. शिकला होता तोही.

दिवाळीची पहाट झाली. बाहेर फटाक्यांची एक माळ संपेपर्यंत दुसरी सुरू होत होती. राजसबाईंनी गिरिधरला तेल लावलं, नवीनला लावलं. मग पाट तसाच ठेवून उभ्या राहिल्या.

"माझं राहू दे, आई," श्रीदेवी म्हणाली. "केस कुठं आहेत?"

पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्या सुनेशी बोलल्या. "डोकं आहे की नाही? बस वेगी."

ती बसली. डोक्याला बांधलेला पंचा राजसबाईंनी स्वतः सोडला. रोज फासायची ते चंदन नव्हतं आता, रात्रीच धुतलं होतं. अंधारात काय दिसणार, असं तिनं स्वतःला समजावलं होतं. राजसबाईंना तसंही कमीच दिसायचं. पण त्यांची बोटं या डोक्यावर पंचवीस वर्षं फिरली होती. कोमट तेल टाळूवर पडलं, ओघळलं. बोटं खरखरीत खुंटांवरून फिरली, आणि मागं सरकली, आणि थांबली. मग कानामागे गेली. तिथंही थांबली. मानेवर आली. श्रीदेवीनं डोळे घट्ट मिटून घेतले.

"हे वस्तऱ्यानं नव्हे," राजसबाई हळूच म्हणाल्या. "हे कधीपासून गे?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि नवस?"

श्रीदेवीनं मान आणखी खाली घातली.

"मज का नाही सांगितलंस?" त्यांचा आवाज चढला. "मी कोण तुझी? मी पडले ते तुज सांगितलं, चक्कर आली तुज सांगितलं. लहानमोठं असकं तुज सांगत गेले मी, आणि तू मज हे नाही सांगत?"

"ह्यांना कळलं असतं, आई. डॉक्टरांनी..."

"गिरी!" राजसबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, की बाहेरचे फटाके क्षणभर ऐकू आले नाहीत. "इकडे ये!"

गिरिधर तेलकट तोंडानंच आला, मागून नवीन. राजसबाईंनी लेकाचा हात धरला आणि सुनेच्या डोक्यावर ठेवला. एका जागेवर, मग दुसऱ्या. "देवास दिलं म्हणून सांगत फिरतोस ना गावभर? हे देवानं नाही घेतलं. हे आपण खाल्लं, असक्यांनी मिळून."

आणि मग नवीनला काय झालं कुणास ठाऊक, दारात उभ्याउभ्या तो म्हणाला, "अप्पा, माझे पेपर राहिलेत. बरेच. अम्माला माहीत आहे."

श्रीदेवीचे डोळे खाडकन उघडले. तेल डोळ्यांत गेलं, झोंबलं, तरी ती आधी गिरिधरच्या छातीकडे बघू लागली, श्वास कसा चाललाय ते. जिभेखालची गोळी कपाटात वरच्या खणात होती. ती उठू लागली. राजसबाईंचा तेलकट हात तिच्या खांद्यावर पडला.

"बस," त्या म्हणाल्या.

गिरिधर भिंतीला टेकून खाली बसला. मुलाकडे बघितलं, मग बायकोच्या डोक्याकडे.

"मला ऐकू यायचं," शेवटी तो म्हणाला. "फोनवर तू हळू बोलायचीस ते. बदलीचंही कळलं होतं मला बँकेत. मला वाटायचं, विचारावं." त्यानं तोंडावरचं तेल पुसलं. "मग मी बूट घालून चालायला जायचो."

श्रीदेवी त्याच्याकडे बघत राहिली. राग येईल असं तिला वाटलं होतं, पण तो आला नाही. फार थकल्यासारखं वाटलं, बसल्या जागी झोपावंसं वाटलं. तिनं पुन्हा डोळे मिटले.

"पाणी निवतंय," राजसबाई म्हणाल्या. "तिला न्हाऊ दे आधी."

ऊन पाण्याची भरलेली बादली स्वयंपाकघरात होती. ती रोज श्रीदेवीच उचलायची. जड उचलायची गिरिधरला डॉक्टरांची सक्त मनाई. आज तो उठला आणि आत गेला. बादलीची कडी वाजली. नवीन "अप्पा..." म्हणाला आणि गप्प बसला. गिरिधरची पावलं सावकाश, अडखळत बाथरूमकडे गेली. पाणी थोडं सांडलं. बादली टेकल्याचा आवाज आला, आणि त्याच्या मागोमाग त्याचा श्वास, जोरजोरात, धापा टाकल्यासारखा.

श्रीदेवी पाटावर डोळे मिटून बसून होती. तेल गालावरून हनुवटीपर्यंत आलं होतं. दम लागला का, असं तिनं विचारलं नाही.